गावाची खोली

मालवणी मुलखातला मुलगा पोटासाठी मुंबईला गेला की ‘चाकरमानी’ होतो. कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावांत शेती म्हणजे मुख्यतः पावसाळी भात. डोंगर आणि कातळ यांतून उरलेली जमीन थोडी, तीही भावाभावांत वाटलेली. त्यामुळे घरातल्या एकाने तरी मुंबईहून मनीऑर्डर धाडावी, ही जुनी निकड. 1850च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आगबोटीने या गिरण्यांचा परिसर, म्हणजे गिरणगाव गाठणे हा पिढ्यांचा परिपाठ झाला.

नवख्याची पहिली अडचण कामाची. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. त्यासाठी ओळख लागे, बरेचदा दस्तुरी म्हणजे लाचही. सुरुवात बहुधा बदली कामगार म्हणून होई. पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी व्याजाने पैसे काढावे लागत आणि पगाराच्या दिवशी पठाण सावकार वसुलीला हजर होई.

दुसरी अडचण निवाऱ्याची. तिच्यावर कोकणी माणसाने काढलेला तोडगा म्हणजे गावाची खोली. एका गावच्या पुरुषांनी चाळीत खोली घ्यायची आणि भाडे वर्गणीतून भरायचे. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकजण कामाला निघाला की त्याच्या जागी दुसरा अंग टाकी. जेवण खानावळीत, त्यांतल्या अनेक खानावळी गिरणी कामगारांच्या बायका चालवत.

या खोलीत नुसते छप्पर मिळत नसे. आजारपणात देखभाल होई, बेकारीत उधारी मिळे आणि वडीलधाऱ्यांचा धाकही असे. पोर पिऊन आले, पगार उडवून बसले, तर ती वार्ता गणपतीला गावी जाणाऱ्यांबरोबर घरी पोचे.

शहरात भुलीचे प्रकार कमी नव्हते. दारूबंदीच्या काळात हातभट्टीची दारू मिळे. 1960च्या दशकात मटका हा आकड्यांचा जुगार बोकाळला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो निघाला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. थोड्या पैशांतही आकडा लावता येई, म्हणून तुटपुंज्या पगाराचा माणूस त्यात सहज गुंते. फावला वेळ चांगल्या कामी लावणाऱ्या जागाही होत्या : तालमी, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी. ना. म. जोशी यांनी 1911मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. रोजगार गेल्याने अनेकजण गावी परतले. गिरणगावातल्या बेकार पोरांपैकी काही गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती लागली. शहराची भूल जुनीच होती. रोजगार गेल्यावर तिला अडवणारे बळ तेवढे कमी झाले.

1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मालवणी मुलखातल्या कुडाळहून मुंबई एका रात्रीवर आली. आजचा तरुण कंत्राटी नोकरी करतो आणि नालासोपारा, दिवा अशा उपनगरांत भाड्याने राहतो. आकडा लावायला आता मोबाइल पुरतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला. पण रात्री उशिरा परतलेल्या पोराला ‘पगार खंय गेलो?’ असे विचारणारे गावचे माणूस कायद्याने मिळत नाही. ते काम पूर्वी गावाची खोली करत असे.