उसाच्या फडात गोळी चुकते तेव्हा
मेंदू आणि औषधे : लेखांक ७

फिट म्हणजे काय, ती बाहेरची बाधा नसून मेंदूतल्या पेशींच्या विद्युत्प्रवाहाची अचानक उसळी कशी असते, हे मागच्या लेखांकात पाहिले. आता औषधांकडे वळू. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू.

२०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या थोडी वर होती. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घरोघर जाऊन पाहणी केली. तिथे दर हजारी साडेचार ते पाच माणसांना अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, आढळला. तोच हिशेब इथे लावला, तर उमरग्यापासून परंड्यापर्यंत साडेसात हजारांच्या आसपास माणसे या आजारासह जगत असावीत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण प्रश्न केवढा आहे ते कळायला तो पुरेसा आहे.

मणी यांनी पाहणीवर काम थांबवले नाही. सापडलेल्या रुग्णांना त्यांनी दोन जुनी, स्वस्त औषधे सुरू केली : फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन. पहिल्याचा अपस्मारावरचा गुण जर्मनीच्या आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या लक्षात आला तो १९१२ साली. दुसऱ्याचा गुण बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी १९३८ मध्ये दाखवला. येळंदूरमध्ये रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले आणि निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या फिट थांबल्या होत्या. मोठे रुग्णालय नाही, महागडी तपासणी नाही, खेड्यातच हे घडले.

आता याच्या शेजारी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे संशोधन ठेवून पाहा. पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रोडी यांनी २००० साली मांडलेले आकडे अपस्मारावर काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असतात. आधी कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्के. त्यापुढे कितीही बदल केले तरी भर पडली ती जेमतेम ४ टक्क्यांची. पुढे २०१८ मध्ये याच केंद्रातून सुमारे अठराशे रुग्णांचा, तीन दशकांचा आढावा आला. मधल्या काळात डझनभर नवी औषधे बाजारात आली होती. तरीही फिटमुक्त होणाऱ्यांचे प्रमाण होते तिथेच, ६४ टक्क्यांवर राहिले. नव्या औषधांचा फायदा आहे, पण तो मुख्यतः दुष्परिणाम कमी होण्यात. ज्याची फिट जुन्या गोळीने थांबते, त्याला नवी महाग गोळी मिळाली नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. अडते ते गोळीत खंड पडल्याने.

हा खंड आपल्याकडे कुठे पडतो? दिवाळी उरकली की भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता, सोबत लेकरे, आणि मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या शिवारात, कोपीत. गोळी महिन्याभराची मिळालेली असते, हंगाम मात्र पाच-सहा महिन्यांचा. शिवाय तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावे लागते. झोप मोडणे हे फिटला मोठे आमंत्रण. म्हणजे गोळी संपते आणि झोपही तुटते, दोन्ही एकाच वेळी. हातात कोयता, शेजारी पेटलेली चूल, जवळ विहीर किंवा कॅनॉल, अशा ठिकाणी आलेली फिट जिवावर बेतू शकते.

गोळी चुकल्यावर शरीरात काय होते ते समजून घ्यायला हवे. फिनोबार्बिटोन रक्तातून फार सावकाश उतरते. त्याची पातळी निम्मी व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. म्हणून रात्रीची एकच गोळी पुरते आणि एखादी चुकली तरी लगेच घात होत नाही. पण ते एकदम बंद केले, तर सवय झालेला मेंदू उसळून येतो आणि एकामागून एक फिट येऊ शकतात. लेव्हेटिरासिटाम हे आजचे लोकप्रिय औषध याच्या उलट वागते. ते सहा-आठ तासांतच निम्मे होते, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि दोन वेळा चुकले की संरक्षण जवळजवळ संपते. कुठले औषध कुणाला द्यायचे, हे ठरवताना डॉक्टरांनी रुग्णाचा दिवस कसा जातो हे विचारलेच पाहिजे.

फेनिटॉइनची गोष्ट आणखी वेगळी आहे. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. तेवढ्या गाड्या आल्या तर यार्ड रिकामे राहते, त्याच्या वर चार गाड्या जरी आल्या तरी रांग वाढतच जाते. यकृताचे फेनिटॉइनशी नाते नेमके असेच आहे. ठराविक मर्यादेपर्यंत ते औषध निकामी करत राहते, नंतर डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, नजर स्थिर राहत नाही, बोलणे जड होते. १९६० च्या दशकाअखेर ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला केवळ भरावाचा पदार्थ बदलला आणि अनेक रुग्णांना अशी विषबाधा झाली. औषधाचा डोस तोच होता. म्हणून फेनिटॉइन एकाच कंपनीचे घ्यावे. इथे धाराशिवमध्ये एक आणि सांगलीच्या दुकानात दुसरे, असे शक्यतो होऊ देऊ नये. रिकाम्या पाकिटाचा पट्टा जपून ठेवणे आणि दुकानात तोच दाखवणे, एवढे प्रत्येकाला जमते.

क्षयाची औषधे सुरू असतील तर विशेष जपावे. आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन (हेही फिटचेच औषध) यांची पातळी वाढवते, तर रिफाम्पिसिन हे क्षयाचे दुसरे औषध अनेक औषधांची पातळी पाडते. क्षयाच्या उपचार केंद्रात ‘मला फिटची गोळी चालू आहे’ हे सांगायलाच हवे.

आता मुलींबद्दल. इथे मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण सगळ्यात मोठे नुकसान इथे होते आणि ते टाळता येण्याजोगे आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे अत्यंत प्रभावी औषध. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ते फक्त इतर औषधे विरघळवण्यासाठी वापरत असताना त्याचा गुण योगायोगाने कळला. पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर आहे. युरोपपासून आशियापर्यंत अनेक देशांतल्या गर्भवतींच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले, की व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधांवर ते ३ टक्क्यांच्या आत होते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दुसऱ्या अभ्यासात अशी मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमत्ता मोजली. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, इतर औषधे घेतलेल्यांच्या मुलांचा १०५ ते १०८. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंद ठेवली जाते. हा विषय परदेशापुरता नाही.

मग व्हॅल्प्रोएट सरळ बंदच का करू नये? कारण अपस्माराच्या काही प्रकारांत त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सर्वांगी अपस्मारावर लेव्हेटिरासिटाम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीला येऊ शकले नाही. शिवाय बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडतो, म्हणजे पाळी चुकल्याचे कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तेव्हा औषध बदलायचे की नाही, हा निर्णय लग्न ठरण्याच्या आधी, डॉक्टर आणि मुलगी दोघांनी बसून घ्यायचा आहे. दिवस गेल्यावर घाबरून गोळी फेकून देणे सगळ्यात वाईट. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात टाकते. आणखी एक : कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन घेणाऱ्या बाईने केवळ माला-एनवर भरवसा ठेवू नये. ही औषधे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात.

पण आपल्याकडे लग्नाच्या वेळी आजारच लपवला जातो, आणि लपवायचा म्हटला की पहिली जाते ती गोळी. सासरी पिशवीत पाकीट सापडेल या भीतीने मुलगी ती घेणेच सोडते, आणि पहिली फिट नेमकी नव्या घरात येते. १९९९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन अपस्मार हा लग्नातला कायदेशीर अडथळा उरलेला नाही. मुलीकडच्यांनी हे ठामपणे सांगावे आणि मुलाकडच्यांनी ऐकावे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः या आजाराशी झगडून ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. असे बोलण्याचे ठिकाण तुळजापुरात, कळंबात का असू नये?

तुळजापूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. नवरात्रात निर्जळी उपवास धरणारे आणि कोजागरीला सोलापूरहून रात्रभर पायी येणारे भाविक आपल्याकडे लाखोंनी आहेत. फिटची गोळी चालू असणाऱ्याने घोटभर पाण्याबरोबर ती घ्यावीच आणि रात्र जागवू नये. आई भवानी त्यावर रागावणार नाही.

‘किती वर्षे घ्यायची?’ हा दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षे फिट न आलेल्या हजारावर लोकांपैकी निम्म्यांची औषधे हळूहळू थांबवली. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यातले ५९ टक्के फिटमुक्त राहिले. औषध चालू ठेवलेल्यांतले ७८ टक्के. म्हणजे थांबवणे शक्य असते, पण जोखीम असते, आणि ती डॉक्टरांसोबत कित्येक महिन्यांच्या उतरत्या डोसाने घ्यायची असते. जत्रेत मिळणाऱ्या ‘शर्तिया’ पुड्यांच्या नादाने तर मुळीच नाही. अशा पुड्यांत न सांगता मिसळलेले फिनोबार्बिटोन तपासणीत अनेकदा सापडले आहे.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने डॉ. निर्मल सूर्य यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रात शिबिरे घेतली, ती मोलाची आहेत. पण शिबिर एका दिवसाचे असते आणि गोळी रोजची. लुधियानात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन औषध पोहोचवले, तेव्हा ते नियमित घेण्याचे प्रमाण सुधारले. आपल्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहेत, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन दाखवले आहे, आणि आता जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालयही आहे. माझी मागणी एवढीच : टोळ्या निघण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने फिटच्या रुग्णांची यादी काढावी, पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि औषधाचे नाव, कंपनी, डोस मराठीत लिहिलेले कार्ड हाती द्यावे, आणि कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राला ती यादी कळवावी. यातली बहुतेक औषधे सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.