पाण्याच्या हालचालीवरून मेंदूचा नकाशा

मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. मज्जातंतूंच्या जुडग्यात मात्र त्यांना आडवं जाणं जड जातं, तंतूच्या लांबीने सरकणं सोपं. डिफ्यूजन एमआरआय हाच फरक मोजतो. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या टेन्सर पद्धतीमुळे तंतूंची दिशा ठिकठिकाणी काढता येऊ लागली. त्या दिशा जोडत गेलं की तंतूंचे मार्ग रेखाटता येतात.

घोडं अडतं ते मापात. चित्रातला एक ठोकळा साधारण दोन मिलिमीटरचा, तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच ठोकळ्यात असंख्य तंतू, तेही एकमेकांना छेदणारे. टेन्सर तिथे एकच सरासरी दिशा दाखवतो, जी कधीकधी कुठल्याच तंतूची नसते! या विषयातल्या पीएचडीचा बराच काळ हा गुंता सोडवण्यात जातो. अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने ठोकळा १.२५ मिलिमीटरवर आणला आणि २७० दिशांनी मोजणी केली. पण इतक्या मोजण्यांना लागणारा वेळ आजारी माणसाला यंत्रात निपचित कोण झोपवणार? म्हणून कमी मोजण्यांत काम भागवणारी गणितं शोधली जातात. तंतूंच्या मार्गांची रंगीत चित्रं देखणी असतात खरी, पण २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत बहुतेक पद्धतींनी खऱ्यांपेक्षा खोट्याच जुड्या जास्त काढल्या होत्या.