लहान मत्स्यालयासाठी माशांची निवड आणि अचूक ओळख

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराशी किंवा प्राचार्यांच्या दालनात एक काचेची मत्स्यपेटी असणे ही आता सर्वसाधारण बाब झाली आहे. ही पेटी बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. मासे विक्रेत्याच्या सल्ल्याने आणले जातात, काचेवर नावाची चिठ्ठी चिकटवली जाते आणि काही आठवड्यांतच त्यांतील निम्मे मासे दगावतात. उरलेल्यांपैकी एखादा मात्र इतका वाढतो की त्याला वळण्यासही जागा राहत नाही. या दोन्ही गोष्टींमागे बहुतांशी एकच कारण असते. आणलेला मासा नेमका कोणता, हे कोणी पाहिलेले नसते. प्रस्तुत लेखात लहान मत्स्यालयाची मर्यादा, व्यापारी नावांमुळे होणारा गोंधळ, ओळखीची शारीरिक लक्षणे आणि निवडीस योग्य अशा काही जातींचा विचार केला आहे. समुद्री मासे व मोठी प्रदर्शनीय मत्स्यालये हा या लेखाचा विषय नाही.

पेटीची खरी क्षमता :

वर उल्लेखिलेल्या मापाच्या पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. वाळू, दगड, वनस्पती आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी उरते. एका गॅलन पाण्यास एक इंच मासा असा एक ठोकताळा शौकीन लोकांत फार प्रचलित आहे. तो लक्षात ठेवण्यास सोपा असला तरी शास्त्रीयदृष्ट्या लंगडा आहे. माशाचे वजन त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एकाच ठेवणीचे एक-एक इंचाचे चार मासे आणि चार इंचांचा एक मासा यांची लांबी सारखी भरली, तरी दुसऱ्याचे वजन पहिल्या चौघांच्या एकत्रित वजनाच्या सुमारे सोळापट असते. साहजिकच त्याचा प्राणवायूचा वापर आणि उत्सर्जनही त्याच दिशेने वाढते. शिवाय प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून. म्हणून उंच व अरुंद पेटीपेक्षा पसरट पेटी केव्हाही अधिक मासे पोसते. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ३० अंश सेल्सिअसवर गेले की पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायू दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅमवरून ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, तर माशाची गरज मात्र वाढते. मे महिन्यात विभाग बंद असताना मासे मरतात, त्यात या गणिताचा वाटा मोठा असतो.

दुसरा प्रश्न अमोनियाचा आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. वाळूत व गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पेटी भरून त्यात वीस मासे सोडण्याची प्रथा म्हणूनच घातक ठरते. अमोनियाचे विषारी रूप किती असेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश तापमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का, आणि सामू ८ असेल तर पाच टक्क्यांहून थोडा अधिक भाग विषारी रूपात असतो. दख्खनच्या पठारावरील अनेक कूपनलिकांचे पाणी कठीण व अल्कधर्मी असते, हे येथे विसरून चालणार नाही. अशा पाण्यात मासे निवडताना दुकानातील रंगापेक्षा त्या माशाच्या मूळ नदीच्या पाण्याचा विचार आधी व्हावयास हवा.

व्यापारी नाव आणि खरी ओळख :

शोभिवंत माशांच्या बाजारातील नावे ही विक्रीच्या सोयीसाठी पडलेली असतात. वर्गीकरणाशी त्यांचा संबंध असतोच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'शार्क' या नावाने विकली जाणारी रुपेरी पिल्ले. हा मासा पँगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस असून तो मार्जारमीनांच्या, म्हणजे मिशा असलेल्या माशांच्या गणातला आहे. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी स्पर्शिकांच्या दोन जोड्या आहेत आणि पृष्ठपक्ष (पाठीवरचा पर) व शेपटी यांच्यामध्ये एक लहान मांसल पर आहे, इतके पाहिले तरी तो शार्क नाही हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल. शार्कला कास्थींचा सांगाडा आणि उघड्या कल्लाफटी असतात, येथे हाडांचा सांगाडा व कल्ल्यांवर झाकण आहे. मेकाँग व चाओ फ्राया या नद्यांतील हा मासा एक मीटरहून अधिक वाढतो. दोन फुटांच्या पेटीत त्याचे जे होते त्याला वाढ खुंटणे म्हणतात, पण ती त्या माशाची लहान पेटीशी झालेली जुळवणूक आहे असा एक गैरसमज विक्रेते मोठ्या आत्मविश्वासाने पसरवतात.

काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा 'सकर' हे दुसरे उदाहरण आहे. त्याला हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस असे नाव लावण्याची सवय आहे. प्रत्यक्षात दुकानांतून मिळणारे मासे बहुधा टेरिगॉप्लिक्थिस या प्रजातीचे असतात. दोहोंत फरक करण्यासाठी पृष्ठपक्षातील मऊ किरण मोजावेत. हायपोस्टोमसमध्ये ते साधारणतः सात, तर टेरिगॉप्लिक्थिसमध्ये दहा किंवा त्याहून अधिक असतात. किरण मोजण्याचे हे काम प्रयोगशाळेत पाच मिनिटांचे आहे. हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो, रात्री हिंडतो, भरपूर विष्ठा टाकतो आणि मोठा झाला की काच साफ करण्यात त्याला फारसे स्वारस्य राहत नाही. त्यामुळे तो 'नकोसा' होतो व जवळच्या तलावात सोडला जातो. दक्षिण अमेरिकेतील हा कवचधारी मासा आज केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश व पश्चिम बंगाल येथील जलाशयांत स्थिरावला आहे. प्रजननासाठी तो काठाच्या मातीत बिळे खोदतो, आणि त्याच्या काटेरी परांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. जाळ्यात सापडलेल्या या माशाला बाजारात किंमत नसते. पेटीतल्या एका चुकीच्या ओळखीची झळ अशा रीतीने मच्छीमार कुटुंबापर्यंत पोहोचते.

लहान पिरान्हा म्हणून विकला जाणारा लाल पोटाचा मासा पुष्कळदा पाकू असतो. दात पाहिल्यास शंका राहत नाही. पिरान्हाचे दात त्रिकोणी व धारदार असतात, पाकूचे माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात. आपल्याकडे तोच मासा 'रूपचंद' या नावाने खाण्यासाठी तळ्यांत वाढवला जातो.

निऑन टेट्रा व कार्डिनल टेट्रा यांतील फरक सोपा आहे. निऑनमध्ये तांबडा पट्टा शरीराच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, कार्डिनलमध्ये तो संपूर्ण लांबीभर असतो. याउलट, दिसण्यात भिन्न असूनही जात एकच असल्याचे उदाहरण झेब्रा माशात सापडते. ठिपके असलेला 'लेपर्ड' झेब्रा हा १९६३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला होता. पुढे तो पट्टेदार झेब्र्याचाच, म्हणजे डॅनियो रेरियोचा, रंगद्रव्यातील उत्परिवर्तनाने झालेला प्रकार असल्याचे सिद्ध झाले. जातीची संकल्पना शिकवताना हे दोन मासे शेजारी ठेवण्याइतके चांगले साधन नाही.

काही माशांची ओळख पटवणे मुळातच अशक्य असते, कारण त्यांची नैसर्गिक जात अस्तित्वात नाही. कपाळावर मोठा उंचवटा असलेला 'फ्लॉवरहॉर्न' हा सिक्लिड कुळातील माशांचा मानवनिर्मित संकर आहे. वास्तुदोष निवारणाच्या नावाखाली त्याला मोठी किंमत येते, हा प्राणिशास्त्राचा नव्हे तर समाजशास्त्राचा विषय आहे. आपल्याकडील पारदर्शक काचमाशाला सुईने रंग टोचून विकण्याचा प्रकारही आढळतो. हा रंग काही काळाने फिका पडतो, आणि टोचलेल्या माशात संसर्गाचे प्रमाण वाढते. चमकणाऱ्या जनुकसंस्कारित माशांची गोष्ट वेगळी आहे, त्यांचा रंग वंशपरंपरेने पुढील पिढीत जातो.

निवडीस योग्य जाती :

४५ लिटर पाण्यासाठी पूर्ण वाढीनंतर पाच सेंटिमीटरच्या आत राहणारे मासे निवडणे श्रेयस्कर होय. झेब्रा मासा या कसोटीस सर्वार्थाने उतरतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. तो साधारणतः चार सेंटिमीटर वाढतो, तापमानातील बदल सोसतो आणि विकासजीवशास्त्राच्या प्रयोगांत जगभर वापरला जातो. अंडी पारदर्शक असल्याने भ्रूणाची वाढ साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. तो थव्याने राहणारा असल्यामुळे सहा ते आठ मासे एकत्र ठेवावेत. एकटा झेब्रा सैरभैर होतो किंवा दुसऱ्यांच्या मागे लागतो.

कठीण पाण्यासाठी गप्पी हा उत्तम पर्याय आहे. मात्र तो आणताना मादी गप्पी आणि गँबुसिया यांत गल्लत होते. दोन्ही करड्या, दोहोंचे तोंड वरच्या दिशेस आणि दोन्ही डासांच्या अळ्या खाणाऱ्या. गँबुसियाचा पृष्ठपक्ष गुदपक्षाच्या सुरुवातीच्या स्पष्टपणे मागे सुरू होतो आणि पृष्ठ व पुच्छपक्षांवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात. गँबुसिया इतर माशांचे पर कुरतडतो, म्हणून तो मिश्र पेटीत नको. नर गप्पीच्या गुदपक्षाचे जननांगात रूपांतर झालेले असते, त्यावरून नर-मादी सहज ओळखता येतात. गप्पीची मादी शुक्राणू साठवून ठेवते व एकदा मीलन झाल्यावर नराशिवायही अनेक वेळा पिल्ले देते. लहान पेटीत केवळ नर ठेवणे हाच संख्या आटोक्यात ठेवण्याचा साधा उपाय आहे.

देशी माशांकडे आपले लक्ष कमी जाते. डोक्यावर चमकदार ठिपका असलेला ॲप्लोकायलस लिनिएटस हा भारतीय मासा देखणा आहे, पण तो दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, उडी मारतो व लहान माशांना गिळतो. त्याला झाकण असलेली स्वतंत्र पेटी हवी. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील पेथिया सेटनाय हा लहान बार्ब १९९२ मध्ये छापगर व साने यांनी वर्णिला. तारापोरवाला मत्स्यालयाशी निगडित असलेल्या डॉ. सेटना यांचे नाव त्याला दिलेले आहे. शोभिवंत माशांच्या छंदातून वर्गीकरणशास्त्रात भर पडते याचे हे मराठी माणसाच्या परिचयातील उदाहरण होय. तथापि अशा मर्यादित क्षेत्रातील जाती ओढ्यांतून पकडून आणणे इष्ट नाही. केरळ व लगतच्या भागातील लाल रेषेचा डेनिसन बार्ब निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर पकडला गेला आणि आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो. पैदास केंद्रात जन्मलेलेच मासे घ्यावेत.

गोल काचपात्रात सोनमासा ठेवण्याची कल्पना सोडून द्यावी. तो वीस सेंटिमीटरहून अधिक वाढतो. फायटर माशास हवेतून श्वास घेण्याचे चक्रव्यूह इंद्रिय असल्याने तो कमी प्राणवायूच्या पाण्यात जगतो खरा, परंतु अमोनियापासून ते इंद्रिय त्याचे रक्षण करत नाही.

खरेदीपूर्वी व नंतर :

विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव विचारावे, ते न मिळाल्यास माशाचे बाजूने छायाचित्र घेऊन पृष्ठपक्षाचे किरण, स्पर्शिकांची संख्या, पार्श्वरेखा व तोंडाची दिशा यांची नोंद विभागात करावी आणि मगच मासा आणावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन निघून जाण्यास ते २४ तास उघडे ठेवणे पुरेसे असते. पहिल्या आठवड्यात तीन-चारच मासे सोडावेत. वर्षाअखेरीस विभागाला पेटी चालवणे शक्य नसेल तर मासे विक्रेत्यास परत द्यावेत किंवा दुसऱ्या महाविद्यालयास सुपूर्द करावेत. नदीत, विहिरीत अथवा आवारातील तळ्यात ते कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत, गप्पीसुद्धा नाही.