पक्षाघातानंतर घराचा वाटा

घरातील कर्त्या माणसाला पक्षाघाताचा तीव्र झटका येतो, तेव्हा पहिले काही दिवस सर्वांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळलेले असते : जीव वाचेल की नाही? तो वाचला आणि रुग्णालयातून घरी पाठवणी झाली, म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो : आता या माणसाला पुन्हा उभे कसे करावयाचे? बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांमधील मराठी घरांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो भाषेचा होय.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की त्या भागातील पेशी मरू लागतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बहुतेक माणसांत वाचेचे केंद्रही डावीकडेच असल्याने बोलणे खुंटते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु उरलेला मेंदू सरावाने नवे मार्ग शोधू शकतो. सुधारणेचा वेग साधारणतः पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो. पुढे तो मंदावतो, थांबतोच असे नाही.

या सरावात घरच्या माणसांचा वाटा किती? भारतातील चौदा रुग्णालयांमधील १,२५० रुग्णांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला व तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घेण्याचे शिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनी पाहता मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शेकडा ४७ होते. याचा अर्थ घरच्यांची सेवा व्यर्थ असा नव्हे. परंतु घरच्या कष्टांवर सारी भिस्त ठेवून तज्ज्ञाची उणीव भरून निघत नाही, आणि सुधारणा मंद झाली तर सुनेने वा मुलीने स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णाची फेरतपासणी आणि भौतिकोपचार तज्ज्ञाचा सल्ला चुकवू नये, हे उत्तम.

घराने करावयाची कामे निराळी आहेत, आणि ती दुसरे कोणी करू शकत नाही. गिळण्याची परीक्षा झाल्यावाचून तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. ते श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाचा दाह होतो. भरवताना रुग्णाला ताठ बसवावे. कोरड्या भाकरीपेक्षा दाट आंबील किंवा मऊ वरणभात पुष्कळदा सोयीचा पडतो. मात्र पदार्थ किती दाट असावा हे वैद्यांकडून ठरवून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नये. त्याने खांदा सांध्यातून सरकतो व वेदना कायमची चिकटते. आणि जे काम त्याला सावकाश का होईना करता येते, ते मायेपोटी आपण करून टाकू नये. सदऱ्याची गुंडी लावायला दहा मिनिटे लागली तरी ती दहा मिनिटे हाच व्यायाम होय.

आता भाषेकडे वळावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. उरलेल्यापैकी बराचसा भाग म्हैसूर राज्यात आला. म्हणून येथील माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतो. वाचाघात झाल्यावर यांतली कोणती भाषा आधी परतेल? एकोणिसाव्या शतकात रिबो यांनी मातृभाषेचा पक्ष घेतला, तर १८९५ साली पित्र यांनी आजारापूर्वी सर्वांत अधिक वापरात असलेल्या भाषेचा. अनुभव असा की कोणताच नियम सर्वांना लागू पडत नाही. पुष्कळांच्या भाषा बरोबरीने सुधारतात, काहींची एखादीच पुढे जाते.

यातून घरच्यांना एक व्यावहारिक धडा मिळतो. मराठीत उत्तर आले नाही म्हणून वृद्ध गृहस्थाची समजूतच गेली असे मानू नये. कन्नड वा दखनीतून विचारून पाहावे. वाचोपचार तज्ज्ञ कन्नड बोलणारा असेल, तर रुग्ण कोणत्या भाषा, कोणाशी व किती बोलत असे, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. घरी बोलताना वाक्ये लहान असावीत, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तरासाठी थांबावे, आणि हातवारे किंवा चित्र यांचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलणे मात्र टाळावे. बोलता न येणाऱ्याला पुष्कळदा सारे समजत असते.

कायमचे व्यंग राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये प्रमाणपत्र मिळू शकते. वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाणीदोषाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

दुसऱ्या झटक्याचे भय कायम असते. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. तंबाखू सोडावी, मीठ व लोणचे बेताने खावे. तोंड वाकडे झाले, हात गळून पडला, बोलणे अडखळले, तर लेप, ताईत वा मालिश यांत घटका घालवू नये. १०८ क्रमांकाला हाक द्यावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि खेड्यातून जिल्ह्याच्या गावी पोहोचण्यातच त्यातला मोठा हिस्सा निघून जातो. म्हणून कोणते रुग्णालय हे औषध देते, याची चौकशी घराने आजच करून ठेवावी. आणि रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या बाईला दिवसातून दोन तास मोकळे मिळतील, अशी पाळी घरातल्या पुरुषांनीही लावून घ्यावी. रुग्णाची सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते. तोवर सेवा करणारी व्यक्ती टिकली पाहिजे.