‘ब्लॉकबस्टर’ शब्दाचे लष्करी मूळ

मराठी वृत्तपत्रांच्या चित्रपट-पुरवण्यांत ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मात्र तिकीटबारीवरील यश सांगणारा हा शब्द दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या एका बाँबचे नाव म्हणून रूढ झाला. ‘ब्लॉक’ म्हणजे रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा समूह, आणि असा अख्खा समूह एका स्फोटात उद्ध्वस्त करणारा तो ‘ब्लॉकबस्टर’. हे नाव वृत्तपत्रांनी रूढ केले. वैमानिक मात्र या बाँबला ‘कुकी’ म्हणत.

१९४१ मध्ये एम्डेन या जर्मन बंदरावर प्रथम टाकलेल्या या बाँबचे वजन ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १,८०० किलो होते आणि त्याचा पत्रा मुद्दाम पातळ ठेवल्यामुळे वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग स्फोटकांचा असे. तो जमिनीत खोल न शिरता वरच फुटे, त्याच्या दाबाच्या लाटेने छपरे उडत, दारे-खिडक्या निखळत, आणि त्याच हल्ल्यात टाकलेले छोटे आगलावे बाँब उघड्या पडलेल्या माळ्यांवर पडून घरे पेटत. भिंती पाडण्याइतकेच आगीला वाट करून देणे महत्त्वाचे होते, आणि ती घरे सामान्य नागरिकांची होती, ही गोष्ट शब्दाच्या पुढील चमकदार प्रवासात साफ पुसली गेली.

युद्ध चालू असतानाच हॉलिवूडच्या जाहिरातदारांनी हा शब्द उचलला, आणि १९७५ च्या ‘जॉज’नंतर तो प्रचंड गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांना कायमचा चिकटला. प्रेक्षकांची रांग ब्लॉक ओलांडून जाते म्हणून ‘ब्लॉकबस्टर’, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी ती मागाहून रचलेली आहे. औषध-उद्योगात वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक विक्री होणाऱ्या औषधाला हेच विशेषण लागते. अमेरिकेत तर वस्तीत कृष्णवर्णीय येणार अशी भीती घालून गोऱ्यांची घरे स्वस्तात विकत घेण्याच्या दलाली धंद्याला ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत. १९६८ च्या गृहनिवास कायद्याने त्यावर बंदी आली.

जर्मनीत मूळ अर्थ अजून जमिनीखाली शिल्लक आहे : सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रँकफर्टमध्ये बांधकामाच्या खोदाईत सापडलेला असाच एक ब्रिटिश बाँब निकामी करण्यासाठी ६०,००० हून अधिक रहिवाशांना घरे सोडावी लागली.