आडवे, उभे आणि त्यापलीकडचे

वर्तमानपत्रातले शब्दकोडे हा पुष्कळांच्या सकाळच्या चहाचा सोबती असतो. शाळेच्या शिक्षक-खोलीत तर एकाच कोड्यावर चार डोकी झुकलेली आपण नेहमी पाहतो. मराठीच्या बाई म्हणी सांगतात, इतिहासाचे सर किल्ल्यांची नावे पुरवतात आणि धातू किंवा प्राणी आला की विज्ञानाच्या शिक्षकांकडे माना वळतात. कोडे सुटते, तास सुरू होतो आणि कागद बाजूला पडतो. या लेखात आपण असेच एक छोटे कोडे सोडवू, पण सुटल्यावर कागद टाकून न देता त्यातल्या प्रत्येक उत्तराच्या थोडे मागे जाऊ.

पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकात छापले गेले. ते आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने रचले होते. त्याचा आकार पतंगासारखा होता आणि नाव होते 'वर्ड-क्रॉस'. पुढे त्या दोन शब्दांची अदलाबदल झाली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९२४ साली या खुळावर टीका केली, पण १९४२ च्या फेब्रुवारीत त्यालाही स्वतःचे कोडे सुरू करावे लागले.

अक्षर आणि घर

मराठीत आल्यावर या कोड्यात एक महत्त्वाचा बदल झाला. इंग्रजी कोड्याच्या एका घरात रोमन लिपीतल्या २६ अक्षरांपैकी एक बसते. मराठी कोड्याच्या घरात काना-मात्रेसह, जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसते. 'चंद्रमा' हा शब्द चं-द्र-मा अशी तीन घरे घेतो. आपली ३४ व्यंजने आणि बाराखडी घेतली तरी ३४ × १२ = ४०८ अक्षरे होतात. स्वर आणि जोडाक्षरे वेगळीच.

याचा परिणाम काय? समजा, एखाद्या घरातले अक्षर ओळखायचे आहे आणि फक्त 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येणारे प्रश्न विचारायचे आहेत. प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या शक्यता निम्म्या करता येतात. २६ अक्षरांसाठी जास्तीत जास्त ५ प्रश्न लागतील, कारण २ चा पाचवा घात ३२ आहे. ४०८ अक्षरांसाठी मात्र ९ प्रश्न लागतील (२ चा नववा घात ५१२). म्हणजे आडव्या शब्दाने उभ्या शब्दाला एक अक्षर पुरवले की मराठीत मिळणारी माहिती इंग्रजीपेक्षा बरीच अधिक असते. सोडवणाऱ्याची त्यात सोय आहे, पण रचणाऱ्याची अडचण आहे. दोन शब्दांत नेमके तेच अक्षर, त्याच मात्रेसह सापडायला हवे.

या प्रश्नाचा गणिती विचार क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात केला होता. कोणत्याही अक्षरापुढे कोणतेही अक्षर आले तरी चालेल, अशी भाषा असती तर कसेही भरलेले चौकोन शब्दकोडेच ठरले असते. प्रत्यक्षात भाषा बंधने घालते. 'पाऊ' एवढे वाचल्यावर पुढच्या घरात शेकडो अक्षरांपैकी 'स', 'ल', 'ण' अशी मोजकीच अक्षरे येऊ शकतात. शॅनन यांच्या गणितानुसार भाषेतला हा 'आधीच ठरलेला' भाग साधारण निम्मा असेल, तर मोठी कोडी जेमतेम रचता येतात. त्याहून अधिक असला तर रचता येत नाहीत.

चार शब्दांचे कोडे

आता आमचे कोडे. तीन रांगा, तीन स्तंभ, मधले घर काळे. चारही शब्द तीन अक्षरी.

आडवे : १) रात्री चमकतो. ३) चांगले साजूक तूप असे असते.
उभे : १) देवापुढे जळतो. २) मुंग्यांचे घर.

आडवा १ काय असेल? 'चंद्रमा', 'कंदील', 'काजवा' हे तिन्ही शब्द चालतात. ('चांदणी' चालत नाही, कारण ती 'चमकते'.) उभा १ 'कापूर' असेल किंवा वातीचा 'कापूस'. आडवा ३ 'सकस' किंवा 'रवाळ'. उभ्या २ ला मात्र 'वारूळ' हा एकच शब्द चटकन सुचतो. येथून सुरुवात करू.

वारूळ 'ळ' ने संपते. म्हणून तूप 'सकस' नसून 'रवाळ' आहे. रवाळ 'र' ने सुरू होते. म्हणून देवापुढे 'कापूस' नाही, 'कापूर' जळतो आहे. कापूर 'का' ने सुरू होतो आणि वारूळ 'वा' ने. म्हणून रात्री चमकणारा तो 'काजवा'च.

का ज वा
पू ■ रू
र वा ळ

एकट्या संकेतावरून तीन शब्दांबद्दल शंका होती. चौघांना एकत्र बसवल्यावर ती उरली नाही. विज्ञानातही बऱ्याचदा असेच घडते. एखाद्या खडकाचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढले आणि त्यातल्या जीवाश्मांवरूनही तेच आले, तर दोन्ही निष्कर्षांवरचा विश्वास वाढतो. सुझन हाक या तत्त्वज्ञ विदुषींनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात शास्त्रीय पुराव्याला शब्दकोड्याचीच उपमा दिली आहे. संकेत म्हणजे आपले अनुभव आणि आधी भरलेले शब्द म्हणजे आपले पूर्वीचे ज्ञान.

पण आमच्या या कोड्यात एक गोम आहे. ते पूर्ण सुटले, सगळी अक्षरे जुळली, तरी त्यातला एक संकेत चुकीचा आहे. वाचकांच्या तो लक्षात आला का?

वारूळ कोणाचे?

वारूळ मुंग्या बांधत नाहीत, वाळवी बांधते. 'पांढऱ्या मुंग्या' असे वाळवीचे एक नाव असले तरी ती मुंगी नव्हे. मुंग्या या गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्या नात्यातल्या. वाळवीचे नाते झुरळांशी आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संशोधकांनी २००७ साली डीएनएच्या अभ्यासावरून वाळवीला झुरळांच्याच गणात ठेवावे असे दाखवले. तोवर तिचा गण वेगळा मानला जात असे. मुंगीच्या अंड्यातून अळी निघते, तिचा कोष होतो आणि मग मुंगी. वाळवीला कोषावस्था नसते. तिचे पिल्लू लहानपणापासूनच मोठ्यांसारखे दिसते. नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासारखा फरकही आहे. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची नसते.

आपल्याकडची वारुळे बांधणाऱ्या वाळव्या आत चक्क शेती करतात. वाळलेला पाला, लाकूड चावून त्या त्याच्या स्पंजासारख्या गाद्या बनवतात आणि त्यांवर बुरशी वाढवतात. पावसाळ्यात हीच बुरशी छत्र्यांच्या रूपाने वारुळावर उगवते. गोव्यात वारुळाला 'रोयण' म्हणतात आणि त्यावर उगवणारी 'रोयणीची अळमी' चवीने खाल्ली जाते. तेथील सातेरी देवीची पूजाही वारुळाच्या रूपात होते. सापाला बीळ खणता येत नाही; तो तयार आसऱ्यात शिरतो. मुंग्याही सोडून दिलेल्या वारुळात राहायला येतात. तेव्हा 'मुंग्यांचे घर' हा संकेत लोकांनी जे पाहिले त्यावरून आला. घर कोणी बांधले, हे मात्र त्यात हरवले.

कापूर, तूप आणि काजवा

कापराबद्दल पाठ्यपुस्तकातले वाक्य सर्वांना पाठ असते : कापूर तापवला की द्रव न होता थेट वायू होतो. आता कापराची एक वडी पेटवा आणि ज्योतीखाली नीट पाहा. तेथे वितळलेला कापूर दिसेल. कापूर सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसला वितळतो. त्याचे वैशिष्ट्य एवढेच, की घनरूपात असतानाही, अगदी खोलीच्या तापमानाला, त्याची वाफ लक्षात येण्याइतकी होते. 'संप्लवन होते' हे बरोबर आहे. 'वितळतच नाही' हे बरोबर नाही. कापराचे झाड मूळचे चीन, तैवान, जपान भागातले. आज बाजारात येणारा पुष्कळसा कापूर मात्र पाइन वृक्षांपासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात.

तूप 'रवाळ' का होते? तूप अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असते आणि त्या प्रत्येकाचा गोठण्याचा बिंदू वेगळा असतो. कढवलेले तूप सावकाश निवू दिले की आधी गोठणाऱ्या घटकांचे रवे बनतात आणि त्यांना वाढायला वेळ मिळतो. तेच तूप पातेल्यातून सरळ फ्रिजमध्ये ठेवले तर असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि तूप गुळगुळीत थिजते. म्हणजे रवा आपल्याला थंड होण्याचा वेग सांगतो, शुद्धतेची हमी देत नाही. वनस्पती तूपही मुद्दाम रवाळ बनवतात. म्हणूनच भारतात वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती केली गेली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल यांच्यामुळे किरमिजी रंग येतो. त्यावरून प्रयोगशाळेत भेसळ पकडता येते.

राहिला काजवा. तो भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी क्रिया होते. ल्युसिफेरेज हे विकर आणि पेशीतली ऊर्जा वाहणारे एटीपी त्या क्रियेला मदत करतात आणि प्रकाश पडतो. भंडारदरा, राजमाची या भागात पावसाच्या तोंडावर हजारो काजवे लुकलुकतात, ते जोडीदाराला खुणावण्यासाठी. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय निराळी असते. काजव्याचा दिवा जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम असतो, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. १९६० च्या सुमाराच्या मोजणीत १०० रेणूंच्या क्रियेमागे ८८ प्रकाशकण, असा आकडा मिळाला होता. २००८ साली जपानी संशोधकांनी अधिक अचूक उपकरणांनी पुन्हा मोजले तेव्हा तो ४१ च्या आसपास आला. शोध लागला तरी जुने वाक्य पुस्तकांतून लवकर हटत नाही.

जुळले म्हणजे सिद्ध झाले?

शब्दकोड्यातले शब्द एकमेकांशी जुळले का, एवढेच चौकट तपासते. ते बाहेरच्या जगाशी जुळले का, हे तिला तपासता येत नाही. योगायोगाने झालेली जुळणी कशी घोळ करते, याचे एक उदाहरण शिक्षकांना रंजक वाटेल. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४४ मध्ये, लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि १ जूनला 'नेपच्यून' अशी उत्तरे आली. ६ जूनला होऊ घातलेल्या नॉर्मंडीवरील स्वारीतले किनारे, तरंगती बंदरे आणि खुद्द ती मोहीम यांची ही गुप्त नावे! गुप्तचर खात्याचे अधिकारी कोडे रचणाऱ्याच्या दारी पोचले. तो निघाला एका शाळेचा मुख्याध्यापक. चौकशीत काही सापडले नाही. १९८४ साली त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, की रिकाम्या चौकटीत शब्द भरण्याचे काम सर आम्हा मुलांना देत आणि हे शब्द आपण जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकले होते. पाच शब्द जुळले, पण त्यावरून हेरगिरी सिद्ध होत नव्हती.

आपल्या परीक्षांतल्या 'एका शब्दात उत्तर द्या' आणि 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नांचे कोड्याशी जवळचे नाते आहे. मुलगा 'संप्लवन' लिहितो, घर भरते, गुण मिळतो. त्याने कापूर हवेत उघडा ठेवून कधी पाहिला आहे का, हे त्या घरावरून कळत नाही. असे प्रश्न टाकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. नाव माहीत असल्याशिवाय पुढे चौकशीही करता येत नाही. पण उत्तराखाली एक ओळ मोकळी ठेवून तेथे 'कशावरून?' एवढे विचारता येईल.

वर्गात हे असे करून पाहता येईल. मुलांच्या चार-चारांच्या गटांना मधले घर काळे असलेली तीन बाय तीनची चौकट द्या. परिसरातल्या वस्तू, प्राणी, पदार्थ यांची नावे बसवून त्यांनी कोडे रचावे. संकेत लिहिताना त्यातले प्रत्येक विधान कोणत्या निरीक्षणाने किंवा प्रयोगाने तपासता येईल, हे मागच्या बाजूला लिहावे. मग कोडी अदलाबदल करून दुसऱ्या गटाने शब्द तर शोधावेतच, शिवाय न टिकणारा संकेतही शोधावा.

सुरुवातीला एक प्रयोग आम्हीच सुचवतो. कापरात काळी मिरी ठेवली की तो उडत नाही, असे घरोघरी सांगतात. सारख्या वजनाच्या तीन वड्या घ्या. एक बशीत उघडी ठेवा, दुसरी तशाच बशीत चार मिऱ्यांसह उघडी ठेवा आणि तिसरी मिऱ्यांशिवाय घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सगळ्या एकाच जागी असू द्या आणि रोज वजन करा. कापूर पोटात गेल्यास विषारी असतो, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका. कापूर मिऱ्यांमुळे टिकतो की झाकणामुळे, हे आठवड्याभरात आलेखावर दिसेल. आपल्या वर्गाचे आकडे आम्हाला जरूर कळवा.