घोड्याच्या गव्हाणीतला काटा

दिवाळीच्या सुमाराला अहिल्यानगर जिल्ह्यात वाळल्या गवताच्या पेंढ्या विकायला येऊ लागतात. पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जतच्या माळावरचं हे गवत. त्यात कुसळ असतं, आणि बांधावरून कापलेलं असेल तर काटेमाठ, उंटकटारी, सराटे, कधी पिवळा धोतराही असतो. गाई-म्हशीवाले एवढं निरखून बघत नाहीत आणि बहुतेक वेळा त्यांचं निभावतं. घोडेवाल्याचं तसं निभावत नाही, कारण घोड्याची खायची रीतच निराळी आहे.

गाय जिभेनं गवताला वेढा घालून घास ओढते, जेमतेम चावून गिळते आणि बाकीचं काम रवंथावर सोडते. घोड्याला रवंथ नाही. एकदा तोंडात घेतलेला घास तिथंच बारीक करायचा, तोही जबडा आडवा फिरवत. म्हणजे घासातलं टोकदार जे काही असेल ते जीभ, हिरडी आणि गालाच्या आतल्या बाजूवर पुन्हापुन्हा घासलं जातं. शिवाय घोड्याला ओकारी काढता येत नाही. आत गेलेलं परत येत नाही.

पण निसर्गानं त्याला एक मोठी सोय दिली आहे : वरचा ओठ. तो इतका हालता आणि जाणता असतो की मोकळ्या पसरलेल्या गवतातून घोडा हवी ती काडी उचलतो आणि नको ती बाजूला सारतो. संध्याकाळी गव्हाणीत उरलेला चोथा पाहा, त्यात जाड काटेरी दांडेच जास्त सापडतील. जिल्ह्यातले धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागे निघतात. त्यांची घोडी वाटेनं काटेरी रानातच चरतात आणि तरीही बहुधा धड राहतात, ती याच ओठामुळे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी घोडी तर अशा चराईवरच पिढ्यान्‌पिढ्या वाढली.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की काटेरी गवताची कुट्टी करू नका. कडबा कुट्टी यंत्रातून गवत गेलं की काट्याचे इंचभर तुकडे होतात, ते चांगल्या चाऱ्यात मिसळतात आणि ओठाला निवडायला काही उरत नाही. वर कोंडा, गूळपाणी घालून तोबरा चढवला तर भुकेला घोडा सगळंच खातो. चारा वाया जाऊ नये म्हणून केलेली ही काटकसर नंतर औषधात जाते. शाळूच्या स्वच्छ कडब्याची कुट्टी खुशाल करावी. बांधावरच्या गवताची नको.

आता काट्यांकडे. डोळ्यांत भरणारा काटा सगळ्यात वाईट, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. काटेमाठाचे दांडे, उंटकटारीची निळसर गोल बोंडं, करडईची काटेरी पानं हातालाही बोचतात आणि घोड्याच्या ओठालाही, म्हणून तो ती टाळतो. एखादी काडी गेली तरी टोचते, पण रुतून पुढं सरकत नाही. पेंढीत असे थोडे दांडे असले तर ते उपटून काढावेत आणि गवत वापरावं. फार असले तर पेंढी गाढवाला द्यावी असं कोणी म्हणेल. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो त्या जिल्ह्यात हे सुचणं साहजिक आहे, आणि गाढव काटेरी पाला घोड्यापेक्षा सहज खातं हेही खरं. पण कुसळ त्यालाही सोडत नाही.

कुसळाची रचना समजून घेण्यासारखी आहे. कुसळी गवताच्या प्रत्येक दाण्याच्या बुडाशी सुईसारखं टोक असतं. त्या टोकावर मागे वळलेले ताठ केस असतात आणि दाण्याच्या दुसऱ्या टोकाला बोटभर लांब, पीळ पडलेली शेपटी. हवा दमट झाली की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. या फिरण्यानं दाणा जमिनीत गिरमिटासारखा शिरतो, आणि मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. बी पेरण्याची ही गवताची युक्ती. घोड्याच्या तोंडात ओलावा आहे, हालचाल आहे, मऊ मांस आहे. दाण्याला आणखी काय हवं? तो जिभेखाली, हिरडी आणि ओठाच्या सांध्यात, दाढांच्या फटीत घुसतो. मागून दुसरा येतो, त्याच्याभोवती चाऱ्याचा भुसा साठतो, जखम चिघळते. मेंढरांच्या लोकरीतून कातडीत शिरणारं कुसळ ते हेच.

गवतावर पाणी मारलं की काटा मऊ पडतो, असा एक समज आहे. धुळीसाठी पाणी मारणं चांगलं. कुसळाचं टोक मात्र त्यानं बोथट होत नाही.

गंमत अशी, की हेच गवत वेळेवर कापलं तर उत्तम चारा आहे. फुलोरा येताना, दाणा कडक होण्याआधी ते कापावं. तेव्हा कुसळाला धार नसते आणि पाल्यात प्रथिनं जास्त असतात. आपल्याकडे कापणी लांबते, कारण त्या दिवसांत पावसाचा भरवसा नसतो आणि खरिपाच्या काढणीत माणसं अडकलेली असतात. अडचण खरी आहे. मग दुसरा मार्ग म्हणजे कुसळ पूर्ण गळून पडेपर्यंत थांबणं. ते गवत निरुपद्रवी, पण निकस; जोडीला लसूणघास द्यावाच लागतो. सगळ्यात वाईट काळ मधला : कुसळ पिकलेलं आहे पण गळलेलं नाही. नेमकी तेव्हाचीच पेंढी बाजारात पुष्कळ असते.

ज्यांचा काटा दुय्यम आणि विष मुख्य, अशी दोन झाडं वेगळी ओळखायला हवीत. पिवळ्या धोतऱ्याची पानं काटेरी, फूल पिवळं, बी मोहरीसारखं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात भेसळ झाल्यामुळे 1998 साली दिल्लीत माणसं दगावली होती. दुसरं शंकेश्वर, ज्याला कोणी गोखरूही म्हणतात. आकड्यांनी भरलेली त्याची बोंडं आयाळीत आणि शेपटीत गुंततात. त्याचं बी आणि दोन पानांवरचं कोवळं रोप विषारी असतं. हिरवं असताना घोडा अशी झाडं सहसा सोडतो. वाळल्यावर त्यांचा उग्रपणा कमी होतो, विष तेवढंच राहतं. पेंढीत ही दिसली तर निवडत बसू नका, पेंढीच बाजूला काढा.

पेंढी घेताना बंद सोडून मधला भाग उपसून बघावा, कारण बाहेरून सगळी गवतं सोनेरीच दिसतात. मूठभर गवत पांढऱ्या कापडावर झटकावं. काळपट टोकाचे दाणे पडले तर ते कुसळ. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दीड ते अडीच टक्के कोरडा चारा खातो, म्हणजे 300 किलोच्या तट्टाला साडेचार ते साडेसात किलो. तेवढं गवत झटकायला फार वेळ लागत नाही. खायला घालताना ते उंच टांगू नये, वरून कुसळं डोळ्यांत पडतात. उघड्या मातीवरही टाकू नये, चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन पोटशूळ उठतो. बुटकी गव्हाण किंवा जमिनीवर ताडपत्री बरी. पर्याय असेल तर मारवेलचं गवत घ्यावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं त्याचे सुधारित वाण काढले आहेत.

तोंडात काटा रुतला की घोडा लाळ गाळतो, अर्धवट चावलेले बोळे खाली टाकतो, एकाच बाजूनं चावतो, लगाम घेताना मान झटकतो. दोन दिवसांनी तोंडाला घाण येते. खोडी आली म्हणून त्याला चाबूक दाखवणारे असतात. आधी ओठ वर करून हिरडी बघावी. मात्र लाळ फार गळत असेल, गिळता येत नसेल, वागणं बदललं असेल तर तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या घोड्यातही हीच लक्षणं दिसतात. लगेच पशुवैद्यकाला बोलवा. वर दिसणारा काटा चिमट्यानं निघतो, खोल गेलेला पशुवैद्यकानंच काढावा. जखम भरेपर्यंत भिजवलेला कोंडा आणि कोवळा घास द्यावा.

एक गोष्ट मात्र काटा रुतण्याची वाट न बघता करायची आहे. पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताचा धोका घोड्याला सगळ्यात जास्त, आणि त्याला काट्याची बारीकशी जखमही पुरते. गवताची खरेदी करण्याआधी घोड्याला धनुर्वाताची लस टोचून घ्या.